आदिवासी कथेतील काळोख

सुरतेजवळच्या सचिनच्या आसमंतात दिवाळी सरली की ऊसतोडीचा हंगाम येतो. चलथाण, बारडोली येथील साखर कारखान्यांसाठी डांग आणि नंदुरबारकडून आदिवासी कुटुंबे उतरतात. हिशेबात नवराबायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. त्यांच्या मुलखात डाकिणीच्या गोष्टी फार जुन्या. डाकीण माणसाचे काळीज खाते, ही समजूत भिल्लांत खोल रुजलेली आहे. शहरी वाचकाला ती अद्भुतकथा वाटते. परंतु जिच्यावर हा आळ येतो तिला मार बसतो, गाव सोडावे लागते, कधी प्राणही गमवावे लागतात. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा केला, तो उगाच नव्हे.

हाच आळ झारखंडातील संथाळ लेखक हांसदा सौवेंद्र शेखर यांनी २०१४ साली आपल्या इंग्रजी कादंबरीचा विषय केला. भाताच्या शेतातच बाळंत होणारी धडधाकट रुपी पुढे अनाकलनीय दुखण्याने झिजते, आणि संशय दुसऱ्या एका स्त्रीवर जातो. लेखक पेशाने डॉक्टर. तरी तो डाकिणीला हसून बाजूस सारीत नाही, हे त्या कादंबरीचे खरे बळ होय. २०१५ साली तिला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी ‘दि आदिवासी विल नॉट डान्स’ हा त्यांचा कथासंग्रह निघाला. त्यातील एका कथेत भूत नाही, चेटूक नाही. नोव्हेंबरात वर्धमानकडे शेतमजुरीस निघालेली तरुण तालामय स्थानकावर भुकेली असते. एक शिपाई तिला पावाचे दोन पकोडे आणि पन्नास रुपये देतो, व त्याबद्दल तिचे शरीर घेतो. कथा जेमतेम चार पानांची, स्वर अगदी कोरडा.

ऑगस्ट २०१७ मध्ये झारखंड सरकारने या पुस्तकावर बंदी घातली आणि लेखकास सरकारी नोकरीतून निलंबित केले. संथाळ स्त्रियांची बदनामी होते, हा आक्षेप. आक्षेप घेणाऱ्यांत संथाळही होते, आणि त्यांचा संताप सर्वस्वी खोटा म्हणवत नाही. आपल्या लेकीबाळींचे असे चित्र परक्यांपुढे मांडलेले कोणास रुचेल? तथापि काळीज खाणारी डाकीण पुरस्कारास पात्र ठरते आणि भुकेली मुलगी असह्य होते, ही गोष्ट विचारात टाकणारी आहे. डाकिणीच्या कथेत दोष एका बाईच्या माथी मारता येतो. स्थानकावरच्या कथेत तो कोणाच्या माथी मारावयाचा, हे वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते.

डिसेंबर २०१७ मध्ये बंदी उठली. त्या वर्षीचा स्थलांतराचा महिना तोवर सरून गेला होता.