मालकी कागदावरची, मालकी मनातली

ग्राहक नाराज झाला की शेजारच्या दुकानाची पायरी चढतो. इंग्लंडमधील फुटबॉलच्या चाहत्याला ही मुभा सहसा नसते. वडिलांनी बोट धरून ज्या मैदानावर नेले, तोच क्लब त्याचा. तो हरला, कर्जात बुडाला वा विकला गेला तरी निष्ठा ढळत नाही. त्यामुळे एखादा धनाढ्य क्लब विकत घेतो, तेव्हा चाहत्यांच्या मनात आशा आणि धास्ती एकाच वेळी दाटून येते. मँचेस्टर शहरातील दोन क्लबांची कहाणी या दृष्टीने उद्बोधक आहे.

रेल्वे कामगारांनी १८७८ मध्ये ‘न्यूटन हीथ’ या नावाने स्थापन केलेला क्लब पुढे मँचेस्टर युनायटेड म्हणून जगभर गाजला. अमेरिकन उद्योगपती माल्कम ग्लेझर यांनी २००५ मध्ये सुमारे ७९ कोटी पौंड मूल्याला तो ताब्यात घेतला. तोवर क्लब कर्जमुक्त होता. खरेदीची बरीचशी रक्कम मात्र कर्जाऊ होती आणि त्यातील मोठा भार क्लबच्याच माथी आला. चालती पेढी विकत घ्यावी, खरेदीचे कर्ज तिच्याच खात्यावर लिहावे आणि व्याज तिच्याच गल्ल्यातून भरावे, असा हा व्यवहार. तो कायद्याला धरून होता. पण आपल्या तिकिटाचा पैसा व्याजात जाणार, हे चाहत्यांना झोंबले.

काहींनी त्याच वर्षी ‘एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर’ हा सभासदांच्या मालकीचा क्लब काढला. तेथे प्रत्येक सभासदाला एकच मत. २०१५ मध्ये त्यांचे स्वतःचे मैदानही उभे राहिले. मागे राहिलेल्यांपैकी हजारोंनी २०१० मध्ये न्यूटन हीथच्या हिरव्या-सोनेरी रंगांचे गळपट्टे बांधून निषेध नोंदविला. विशेष म्हणजे २००७ ते २०१३ या काळात युनायटेडने पाच वेळा प्रीमियर लीग जिंकली. विजयांनीही तो सल मिटला नाही.

मँचेस्टर सिटीचे चित्र निराळे. हा क्लब १९९८ मध्ये तिसऱ्या श्रेणीत घसरला, तरी त्याचे मैदान ओस पडले नव्हते. अबू धाबीच्या राजघराण्यातील शेख मन्सूर यांनी २००८ मध्ये तो घेतला, खेळाडूंवर पैसा ओतला आणि क्लबला दिलेल्या कर्जाचे भांडवलात रूपांतर केले. २०१२ मध्ये ४४ वर्षांनी लीगचे अजिंक्यपद लाभले. चाहत्यांनी शेखांचे आभार मानणारा फलक मैदानात झळकविला. मात्र हे यश संघाचे की तिजोरीचे, असा प्रश्न प्रतिस्पर्धी विचारू लागले. फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रीमियर लीगने आर्थिक नियमभंगाचे शंभराहून अधिक आरोप ठेवले. क्लबने ते नाकारले.

एका मालकाने क्लबवर कर्ज चढविले, दुसऱ्याने भांडवल घातले. साहजिकच एकाच्या वाट्याला रोष आला, दुसऱ्याच्या वाट्याला कृतज्ञता. परंतु एप्रिल २०२१ मध्ये दोघेही एकाच वाटेने गेले. युरोपातील बारा श्रीमंत क्लबांनी स्वतंत्र ‘सुपर लीग’ जाहीर केली. संस्थापकांना त्यात कायमचे स्थान मिळणार होते. त्या बारांत युनायटेड होता आणि सिटीही. चाहत्यांना कोणीच विचारले नव्हते. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या क्लबांचे चाहते एका सुरात उसळले आणि सहाही इंग्रज क्लबांनी दोन-तीन दिवसांतच माघार घेतली.

त्या दोन-तीन दिवसांत चाहत्यांची भूमिका स्पष्ट झाली. मालक श्रीमंत असण्याला त्यांचा विरोध नाही. उदार मालकाचे ते मनापासून स्वागत करतात. त्यांचा आग्रह एवढाच, की पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या या ठेव्याचा विश्वस्त म्हणून त्याने वागावे. क्लबच्या ताळेबंदात मैदानाची किंमत असते, खेळाडूंची असते. ज्या निष्ठेमुळे तिसऱ्या श्रेणीतही मैदान भरते, तिचा रकाना त्यात नसतो. आणि खरेदीखतात तिचे हस्तांतरणही होत नाही.