बर्डीवरच्या चार खाटा

नागपुरातल्या सीताबर्डीचा इतिहास म्हटला की टेकडीवरचा किल्ला आठवतो. नोव्हेंबर १८१७ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज इथं भिडले. एक रात्र आणि दुसऱ्या दिवशीचे काही तास, एवढ्यात लढाई आटोपली. पण जुन्या नागपूरकराला ‘जन्म कुठला?’ विचारा. तो किल्ल्याचं नाव घेणार नाही, ‘मातृसेवा संघ’ म्हणेल.

हे सूतिकागृह निघण्याआधी बाळंतपण बहुधा घरातच व्हायचं, तेही घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या खोलीत. बाजेखाली शेगडी, ओवा-शेपाची धुरी, दारं-खिडक्या बंद. बाळंतिणीला विटाळ म्हणून वापरायला जुनेरं, कारण ती पुढे टाकूनच द्यायची असत. सुईणीचा हात अनुभवी असे, पण नाळ कापायला घरात सापडेल ते पातं. मळक्या पात्यातून धनुर्वाताचे जंतू नाळेच्या जखमेत शिरत. नवजात बाळात या रोगाची लक्षणं साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात दिसतात. पाचवीला सटवाईपुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवून रात्र जागवायची रीत आठवून पाहा. बाळाचं नशीब ती त्याच रात्री लिहिते म्हणे. मला वाटतं, त्या रात्रीच्या भीतीला अनुभवाचा आधार होता. आयांनी दिवस बरोबर मोजले होते, फक्त पात्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

दवाखाने नव्हते असं नाही. डफरिन रुग्णालय होतं. स्कॉटिश मिशनचं म्यूर मेमोरियल १८९६ पासून महाराजबागेच्या रस्त्यावर होतं. पण सोवळ्या घरातली सासू सुनेला तिथं सहजी पाठवेना. परक्या हातचं पाणी, परक्याचा स्पर्श आणि वर ‘लोक काय म्हणतील’.

ही अडचण कमलाताई होस्पेट यांनी ओळखली. लहान वयात वैधव्य आलेल्या कमलाताईंनी डफरिनमध्ये परिचारिकेचं शिक्षण घेतलं आणि १९२१ साली वेणूताई नेने यांना सोबत घेऊन मातृसेवा संघ सुरू केला. सुरुवात चार खाटांच्या सूतिकागृहानं झाली. यंत्रसामग्रीचा बडेजाव नव्हता. उकळलेली कात्री, साबणानं धुतलेले हात, स्वच्छ कापड आणि आपल्याच बोलीत ‘घाबरू नको गं’ म्हणणारी बाई. बाळंतपण माहेरी करायची आपली रीत मोडण्याऐवजी त्यांनी दवाखान्यालाच थोडं माहेरपण दिलं. घरचा डबा आणि डिंकाचा लाडू यांचं अशा ठिकाणी कुणाला वावडं नसतं. पुढे संघाच्या शाखा नागपूरबाहेरही गेल्या. १९६१ मध्ये कमलाताईंना पद्मश्री मिळाली.

एक गोष्ट मात्र राहून राहून आठवते. ज्या काळात विधवेचं तोंड सकाळी दिसलं तरी अपशकुन मानत, त्या काळात बर्डीवरच्या कित्येक बाळांना या जगातला पहिला स्पर्श एका विधवेचा झाला. बारशाला ओटी भरायला मात्र रूढीप्रमाणे सवाष्णच लागायची.