झोपेतही कान जागे

‘लहान आहे, त्याला काय कळतंय!’ असं म्हणत बाळासमोर भांडणारे आईवडील कमी नाहीत. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास त्यांनी वाचायला हवा. सहा ते बारा महिन्यांची बाळं झोपली असताना एमआरआय यंत्रात ठेवून (त्या खडखडाटात बाळ झोपवलं, यातच अर्धं यश!) त्यांना रागीट, आनंदी आणि साध्या सुरातली निरर्थक वाक्यं ऐकवली. ज्यांच्या घरी वादावादी जास्त, त्यांच्या मेंदूतले ताण आणि भावना हाताळणारे भाग रागीट सुराला अधिक तीव्र प्रतिसाद देत होते. ही भांडणंसुद्धा तोंडाचीच, मारहाणीची नव्हेत.

मारहाण असेल तर? घरात हिंसा अनुभवलेल्या, साधारण बारा वर्षांच्या मुलांना लंडनमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये रागीट चेहरे दाखवले. त्यांच्या मेंदूतला धोका ओळखणारा अमिग्डला हा भाग जास्त चेतवला गेला. लढाई पाहिलेल्या सैनिकांतही असंच आढळलं होतं. या मुलांना कोणताही मानसिक आजार नव्हता. घरात ही सावधगिरी उपयोगाचीच. वर्गात मात्र फळ्याऐवजी शिक्षकांच्या कपाळावरच्या आठ्यांकडे लक्ष जातं, आणि प्रगतिपुस्तकात शेरा पडतो, ‘चंचल’.