देवगांडूळ : मातीखालचा अनोळखी रहिवासी

पावसाळा सुरू झाला की सह्याद्रीच्या पट्ट्यात शेणखताचा ढीग उपसताना, बागेत आळे खणताना किंवा ओला दगड उलथताना एखादे वेळी करड्या रंगाचा, चकचकीत, अंगभर वळ्या असलेला प्राणी वळवळताना दिसतो. त्याला पाय नाहीत, डोळे दिसत नाहीत आणि शेपूट नसल्यातच जमा आहे. पाहणारा क्षणभर गोंधळतो आणि ‘साप’ म्हणून त्यावर फावडे घालतो. मराठीत या प्राण्याला देवगांडूळ म्हणतात. नावात देव आहे म्हणून आजवर कोणा देवगांडुळाचा जीव वाचल्याचे मात्र ऐकिवात नाही.

हा साप नव्हे आणि गांडूळही नव्हे. तो बेडकाचा नातलग, म्हणजे उभयचर आहे. गांडुळाला हाडे नसतात. याला कणा, फासळ्या, जबडा आणि तीक्ष्ण दात आहेत. त्वचा ओलसर असते आणि श्वसनाचे काही काम तीच करते, म्हणून कोरडे ऊन त्याला सोसत नाही. भक्कम कवटी पहारीसारखी मातीत घुसवून तो वाट काढतो. डोळे त्वचेखाली झाकलेले असल्याने त्यांना फार तर उजेड-अंधार कळतो. ही उणीव डोळा आणि नाकपुडी यांच्यामधला एक इवलासा स्पर्शक भरून काढतो. वास टिपणारे असे इंद्रिय अन्य कोणत्याही पृष्ठवंशीय प्राण्याला नाही. गांडुळे, वाळवी, मुंग्यांच्या अळ्या हा त्याचा आहार. त्याच्या त्वचेत शत्रूला परतवणाऱ्या विषग्रंथी असल्या, तरी माणसाला त्याच्यापासून भय नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्राणी वेगळ्याच कारणासाठी मोलाचा वाटावा. अमेरिकेतील ॲरिझोना येथे सापडलेल्या, सुमारे 19 कोटी वर्षांपूर्वीच्या त्याच्या पूर्वजाच्या जीवाश्मात लहानसे पाय स्पष्ट दिसतात. अर्थात पाय होते. मातीखालच्या जीवनात ते निरुपयोगी ठरले आणि गेले. ईशान्य भारतात दिल्ली विद्यापीठाचे एस. डी. बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच वर्षे जागोजागी माती खणून शोध घेतला आणि 2012 मध्ये देवगांडुळांचे एक संपूर्ण नवे कुल जगापुढे मांडले. या कुलाचे सर्वांत जवळचे आप्त आफ्रिकेत राहतात! खारा समुद्र ओलांडणे या प्राण्याला शक्य नाही. म्हणजे भारत आणि आफ्रिका गोंडवन या एकाच भूखंडाचे भाग होते, त्या काळाचा हा जिवंत पुरावा आहे. ताम्रपट नाही, शिलालेख नाही, साक्ष शरीराची. त्या कुलाला दिलेले ‘चिकिलिडी’ हे शास्त्रीय नाव गारो लोकांच्या ‘चिकिला’ या शब्दावरून आले आहे. विद्वानांना ठाऊक नसलेल्या प्राण्याला तिथल्या श्रमिकांच्या भाषेत नाव होतेच. पण त्याच प्रदेशात त्याला विषारी समजून ठारही केले जात होते.

मातृत्वाच्या बाबतीत तर हा जीव थक्क करतो. अनेक जातींत मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून त्यांची राखण करते. केनियातील तैता टेकड्यांत आढळणाऱ्या जातीच्या आईची त्वचा पिलांसाठी जाड आणि स्निग्ध होते. पिले ती खास दातांनी खरवडून खातात आणि आईला इजा होत नाही. हे 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. ब्राझीलमधील एका जातीची आई अंड्यांतून बाहेर आलेल्या पिलांना दुधासारखा स्निग्ध द्रव पाजते, हे 2024 मध्ये तेथील बुटानटान संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिले.

विनयपिटकात भिक्खूंना जमीन खणण्यास मनाई आहे. पावसाळ्यात भटकणाऱ्या भिक्खूंच्या पायांखाली हिरवे गवत आणि लहान जीव तुडवले जातात, अशी लोकांनी तक्रार केली, तेव्हा तथागतांनी वर्षावासाचा नियम घालून दिला. देवगांडूळ वर येते ते याच दिवसांत.

महाराष्ट्राच्या वाट्यालाही ही संपत्ती आली आहे. खंडाळ्याच्या एका जातीचे वर्णन एडवर्ड टेलर यांनी 1960 मध्ये केले. आंबोलीची एक जात 2003 मध्ये, तर कोयना परिसरातील एक 2004 मध्ये नोंदली गेली. म्हणजे आपल्या पायांखालची यादी अजून पुरी झालेली नाही. आपल्या शाळेच्या बागेत खणताना असा प्राणी आढळल्यास विद्यार्थ्यांनी फावडे थांबवावे, तो उन्हात पडला असल्यास ओल्या पानावर घेऊन सावलीतल्या भुसभुशीत मातीवर सोडावा आणि तारीख व जागा वहीत टिपून ठेवावी.