भाकरी आणि उसळ

ज्वारीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, कांद्याची फोड आणि लिंबाची एक चकती, एवढेच ताटात असले की ते जेवण साधे समजले जाते. अवचित आलेल्या पाहुण्यापुढे असे ताट ठेवताना गृहिणीला थोडा संकोचही वाटतो. वस्तुतः या ताटात संकोच वाटण्याजोगे काहीच नाही. ज्या अन्नावर सोलापूर, बीड, अहिल्यानगर या भागांतील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या उन्हातान्हात राबत आला, त्या अन्नाची जुळणी आजच्या आहारशास्त्राच्या कसोटीसही उतरते. ती कशी, हे समजून घ्यावयाचे तर स्वयंपाकघरात जाऊन हे पदार्थ सिद्ध होताना पाहणे, हाच त्याचा सरळ मार्ग होय.

प्रथम भाकरी पाहू. गव्हाच्या पिठात पाणी घालून ते मळले की त्यातील ग्लुटेन नावाचे प्रथिन चिवट होते. म्हणून कणकेची पोळी हवी तशी लाटता येते. ज्वारीत हे प्रथिन नसते. मग भाकरी एकसंध राहते ती कशामुळे? ऊन पाण्यामुळे. कढत पाणी पडताच पिठातील पिष्टाचे कण फुगतात, मऊ होतात आणि एकमेकांस चिकटतात. पीठ मात्र ताजे हवे. फार दिवस राहिलेल्या पिठाची विरी जाते आणि मग कितीही मळले तरी थापताना भाकरीच्या कडा चिरतात. तळहाताच्या टाचेने पीठ चांगले रगडून मळावे, परातीत कोरडे पीठ पसरून त्यावर गोळा ठेवावा व बोटांनी थापीत तो गोल फिरवीत न्यावा. भाकरी तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेवून तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवतात. त्यामुळे वरचे कोरडे पीठ पुसले जाते आणि पृष्ठभाग तडकत नाही. ते पाणी पुरते सुकण्यापूर्वीच भाकरी उलटावी लागते. उशीर झाला की भाकरी फुगत नाही. पुढे ती विस्तवावर धरली म्हणजे आत कोंडलेली वाफ वरचा पातळ थर उचलून धरते, आणि भाकरीला पापुद्रा सुटतो. एवढे सारे अवघ्या दोन-तीन मिनिटांत घडते. परंतु ते साधण्यास हाताला सराव पाहिजे. पहिल्या दहा-वीस भाकऱ्या वेड्यावाकड्या होणारच, आणि चवीला त्या वाईट लागत नाहीत.

ज्वारीचा आणखी एक गुण आहे. ती सबंध दळली जाते. तिचा कोंडा पिठातच राहतो. धान्याच्या या बाहेरच्या आवरणाचे महत्त्व जगाला कळले, ते कोंबड्यांमुळे. १८९० च्या सुमारास जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन हा डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचे कारण शोधीत होता. या रोगाने माणसाचे पाय लुळे पडत व कित्येकदा प्राणही जाई. त्याच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांनाही तसाच रोग जडला आणि काही दिवसांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी करता असे आढळले, की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयातील उरलेला पांढराशुभ्र भात घातला जात होता. पुढे नवा स्वयंपाकी आला. सैनिकांचा भात कोंबड्यांना देणे त्याला पसंत पडेना, म्हणून त्यांना पुन्हा बिनसडीचा तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या! सडताना जो कोंडा फेकून दिला जाई, त्यातच जीवनास आवश्यक असे द्रव्य होते. त्यालाच आज आपण ‘ब-१’ जीवनसत्त्व म्हणतो. आइकमनला १९२९ साली या कार्याबद्दल नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आपल्या देशातही १९१८ साली कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी बेरीबेरीच्याच अभ्यासास आरंभ केला. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था ही त्याच कार्यातून वाढली.

आता उसळ. मटकी निवडून, धुऊन सकाळी भिजत घालतात. रात्री ती उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवली, की उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळीच पांढरे मोड दिसू लागतात. थंडीत मात्र त्याला दीड-दोन दिवसही लागतात. या फडक्यात जे घडते, ते शेतातील पेरणीहून निराळे नाही. सुप्त बीज जागे होते आणि नव्या रोपासाठी आपला साठा मोकळा करू लागते. कोरड्या मटकीत ‘क’ जीवनसत्त्व जवळजवळ नसते. मोड येताना ते निर्माण होते. तसेच कडधान्यात फायटिक आम्ल नावाचे एक द्रव्य असते. ते लोहाला धरून ठेवते आणि शरीराला घेऊ देत नाही. भिजवण्याने व मोड आणण्याने हे द्रव्य कमी होते आणि कडधान्य पचावयासही हलके होते. मूग, चवळी, हरभरे यांनाही हीच रीत लागू आहे. कडव्या वालांना मोड आणून ते एकेक सोलावे लागतात. डाळिंब्यांची उसळ ज्याने आयती खाल्ली आहे, त्याने एकदा तरी त्या सोलावयास बसून पाहावे. मोड कच्चे खाण्यापेक्षा शिजवून खावेत. कारण ज्या उबदार ओलाव्यात मोड येतात, त्याच ओलाव्यात रोगजंतूही वाढतात.

फोडणीत क्रमाला महत्त्व आहे. तेल पुरेसे तापल्यावर प्रथम मोहरी पडते. तिला तडतडण्यास आच लागते. मग जिरे, कढीपत्ता व हिंग, आणि सर्वांत शेवटी हळद, कारण ती क्षणात करपते व कडू होते. हळद पडताच त्यावर मटकी टाकली, की तिच्या ओलाव्याने आच आवरली जाते. मसाल्यांचे वास व रंग पाण्यापेक्षा तेलात अधिक उतरतात, आणि ते तेल पुढे सगळ्या उसळीभर पसरते. म्हणून फोडणी चांगली साधली तर तेल थोडे असूनही भागते. नंतर झाकण ठेवून, झाकणावर पाणी घालून मंद आचेवर मटकी शिजवावी. सोडा घालून ती लवकर शिजवण्याचा मोह काहींना होतो. तो टाळलेला बरा. सोड्याने काही जीवनसत्त्वांचा नाश होतो. चवीपुरता गूळ व एखादे आमसूल घातले, की उसळीला गोडसर आंबटपणा येतो.

मिठाचे प्रमाण मात्र अंदाजावर सोडणे बरे नव्हे. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘रुचिरा’ या ग्रंथात कमलाबाई ओगले यांनी वाटी-चमच्याची मापे दिली आणि नवख्या हातांना धीर दिला. प्रौढ माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमांहून, म्हणजे सुमारे एका लहान चमच्याहून, कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरच्या उसळीत किती मीठ पडले, हे करणाऱ्याला ठाऊक असते. दुकानातून पुडीत बांधून आलेल्या शेव-फरसाणात ते किती आहे, याचा जिभेला पत्ताच लागत नाही.

भाकरी व उसळ यांची जोडी का जमते, याचे उत्तर प्रथिनांत आहे. प्रथिने ही अमिनो आम्लांची बनलेली असतात, जसे शब्द अक्षरांचे बनतात. एक अक्षर अपुरे पडले की शब्द पुरा होत नाही. ज्वारीत लायसिन हे अक्षर थोडे, तर मटकीत ते भरपूर. उलट मटकीत मेथिओनिन कमी पडते, ते ज्वारी भरून काढते. वरण-भात, खिचडी, पुरणपोळी यांतही हाच मेळ आहे. हे सारे ज्यांनी प्रथम रूढ केले, त्यांना या आम्लांची नावे ठाऊक नव्हती. पण कशाने पोट भरते व अंगात बळ राहते, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते.

राहिली लिंबाची चकती. ती शोभेसाठी नव्हे. धान्य-कडधान्यांतील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. लिंबातील ‘क’ जीवनसत्त्व त्याला साह्य करते. आचेने हे जीवनसत्त्व कमी होते, म्हणून लिंबू शिजताना न घालता पानात पिळावे. याच्या उलट, जेवणाला लागूनच घेतलेला चहा लोहाला अडवतो. तो तासा-दोन तासांनी घ्यावा.

लोहाची ही गोष्ट किरकोळ नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी ५७ स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी असल्याचे दिसून आले. यालाच पंडुरोग अथवा रक्तक्षय म्हणतात. लवकर थकवा येणे, धाप लागणे, कामात लक्ष न लागणे ही त्याची लक्षणे होत. त्याची कारणे अनेक आहेत. तथापि पुरेसे व योग्य अन्न न मिळणे हे त्यांपैकी एक मोठे कारण आहे. आणि ते नेहमी दारिद्र्यामुळेच घडते असे नाही. पुष्कळ घरांत आजही चाल अशी, की आधी पुरुष व मुले जेवतात आणि जी सकाळपासून चुलीपाशी उभी आहे, ती सर्वांचे आटोपल्यावर जेवावयास बसते. तोवर उसळीच्या पातेल्यात केवळ रस्सा उरलेला असतो, लिंबू संपलेले असते, आणि तिचे जेवण भाकरी व चटणी यांवर होते. घरात मटकीला मोड आले, फोडणी उत्तम साधली, पण ज्या शरीराला त्या लोहाची सर्वांत अधिक गरज, त्याच्या वाट्याला ते आलेच नाही, असा हा प्रकार आहे.

गरम भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे, या हट्टापायी करणारीला पंगतीत बसता येत नाही, असे पुष्कळदा सांगितले जाते. त्याला उपाय आहेत. घरातील मुलगे व पुरुष भाकरी करावयास शिकले तर पाळी वाटून घेता येते. पीठ रगडण्यास बळ लागते, ते त्यांच्यापाशी असतेच. दुसरे असे, की भाकऱ्या आधीच करून स्वच्छ फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवल्या, तर तासभर त्या मऊ राहतात. आणि सोलापूरकडे तर मुद्दाम पातळ थापून, मंद आचेवर पूर्ण वाळवलेली कडक भाकरी करतात. ती कित्येक दिवस टिकते आणि उसळीच्या रश्श्यात किंवा आमटीत कुस्करून सगळ्यांना एकाच वेळी खाता येते.