तार वाऱ्याच्या स्वाधीन

तंबोऱ्यात पंचम, षड्ज, खर्ज असे स्वर मिळवतात. वायुवीणा करणारा मात्र दहा-बारा तारा एकाच स्वरात लावतो. त्यांची जाडी तेवढी वेगवेगळी ठेवतो. पातळ लाकडाच्या लांबट पेटीवर तातीच्या तारा जरा सैलच ताणायच्या, पेटी खिडकीच्या फटीत ठेवायची आणि हात काढून घ्यायचा. अथानासियस किर्शर या जर्मन पंडिताने १६५० मध्येच आपल्या ग्रंथात अशा वाद्याचे वर्णन केले होते.

मग वाट पाहणे. झुळूक येते, काहीच घडत नाही. वारा स्थिरावला की एक बारीक स्वर उगवतो, भरत जातो आणि वारा वाढताच एकदम वरच्या स्वरावर उडी घेतो. जुळलेल्या तंबोऱ्यातून स्वयंभू गंधार ऐकू येतो ना, तसेच हे स्वर. पण इथे त्यांच्याखाली मूळ स्वर जवळजवळ नसतोच. म्हणून ते कुठून येतात ते कळत नाही.

वारा तारेला बोटासारखा छेडत नाही. तारेला वळसा घालून जाताना तो मागे आळीपाळीने वरून-खालून भोवरे सोडतो आणि तार वर-खाली हलते. या आंदोलनांची गती वाऱ्याच्या वेगावर आणि तारेच्या जाडीवर ठरते, हे स्ट्रोहाल या शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये मांडले. एक मिलिमीटर जाडीच्या तारेवर ताशी १८ किलोमीटरचा वारा आला, तर सेकंदाला सुमारे हजार आंदोलने! तारेचा एखादा स्वयंभू स्वर या गतीशी जुळला की ती तोच धरते.

ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅलन लॅम्ब यांनी पेटीच सोडली. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या माळरानावर वापरातून गेलेल्या टेलिफोनच्या लांबलचक तारा होत्या. त्यांना मायक्रोफोन चिकटवून त्यांनी वर्षानुवर्षे ध्वनिमुद्रण केले; ‘प्रायमल इमेज’ ही त्यातलीच रचना. इतक्या लांब तारेचा मूळ स्वर कानाच्या आवाक्याखाली जातो आणि वर स्वयंभू स्वरांची इतकी दाटी होते, की वाऱ्याला हवा तो स्वर सापडतो. रात्री तार गारठून आखडते, ताण वाढतो, तेव्हा पट्टीही चढते. यातली मेहनत ऐकण्याची आहे, आणि ती रियाजाहून हलकी नाही.

अशी तार मिळणेही सोपे नाही. हीच थरथर विजेच्या तारा झिजवते, म्हणून ती मुद्दाम शमवली जाते. आपल्या महामार्गांलगत मनोऱ्यांजवळ तारेला डंबेलसारखी जोडवजने लटकलेली दिसतात. ती तारेची थरथर जिरवण्यासाठीच असतात.