होडीला शीड, पण दोरी हातात

खळ्यावर धान्य उफणताना माणूस आधी काय करतो? वारा पाहतो. मूठभर भुसा वर सोडतो. वारा कोणीकडून येतो ते बघून वावडी मांडतो. वारा पडला तर थांबतो. वावटळ उठली तर सूप खाली ठेवतो. आता मळणीयंत्रे आली, खळी कमी झाली. पण वाऱ्याशी कसे वागावे हे शेतकऱ्याला नव्याने शिकवायला नको. तेच शहाणपण पाण्यावर कसे वापरावे, ते या पाठात पाहू या.

आपल्या इंदापूर तालुक्याच्या उत्तरेला भीमा नदी आहे. या नदीवर सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात उजनी धरण बांधले. ते १९८० साली पुरे झाले. धरण भरले म्हणजे त्यात सुमारे ११७ टीएमसी पाणी असते. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. एवढे पाणी मागे पसरते, ते भिगवणच्याही वर जाते. कुंभारगाव, डाळज, पळसदेव, कळाशी ही सारी गावे या पाण्याच्या काठची. इथे मासेमारी चालते. पक्षी पाहायला येणाऱ्यांना होडीतून फिरवणारेही पुष्कळ आहेत.

ज्याच्या होडीला इंजिन नाही, त्याचे सारे काम हातावर. पहाटे जाळे पाहायला जायचे, ऊन चढल्यावर परत यायचे. दंड भरून येतात. मग मनात येते, वारा एवढा फुकट वाहतो, त्याला कामाला का लावू नये? होडीला लहानसे शीड का बांधू नये?

विचार काही नवा नाही. कोकणात शिडाच्या होड्या शेकडो वर्षे चालत आल्या. कान्होजी आंग्रे यांच्या आरमारात गलबते होती. त्यांना शिडेही असत आणि वल्हीही असत. वारा असला की शीड, वारा पडला की वल्हे. नौदलातले दिलीप दोंदे हे तर शिडाच्या होडीने एकटे पृथ्वीभोवती फिरून आले. ते ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये परत आले. असे करणारे ते पहिले भारतीय. त्यांची होडी 'म्हादेई' गोव्यात बांधलेली होती.

अलीकडे काही ठिकाणी प्लास्टिकची अरुंद, एकट्यादुकट्याने बसायची होडी दिसते. तिला कयाक म्हणतात. ही मूळची उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ मुलखातली. तिथले इन्युइट लोक सांगाड्यावर सील नावाच्या प्राण्याचे कातडे ताणून ती करीत. आता हौशी लोक या कयाकलाही लहान शीड लावतात. म्हणजे होडी लाकडाची असो, पत्र्याची असो की प्लास्टिकची, शीड लावता येते. प्रश्न एवढाच, की कसे लावावे आणि केव्हा उतरवावे.

आधी एक गोष्ट समजून घ्या. आपल्या सपाट बुडाच्या होडीला शीड लावले, तर ती वारा जाईल तिकडेच जाईल. वाऱ्याच्या उलट जाणार नाही. आडव्या वाऱ्यात ती बाजूला घसरेल. असे का? नांगराचा फाळ मातीत रुतलेला असतो, म्हणून नांगर आडवा सरकत नाही. समुद्रातल्या शिडाच्या होडीच्या बुडाखाली तशीच खोल फळी किंवा कणा असतो. तो पाण्यात रुततो, म्हणून ती होडी वाऱ्याला तिरकी धरून पुढे काढता येते. आपल्या होडीला तो नाही. तेव्हा नवशिक्याने एकच रीत धरावी. जाताना वल्ह्याने वाऱ्याच्या तोंडावर जावे. येताना शीड लावून वाऱ्याबरोबर घरी यावे. दमलेल्या हातांना परतीच्या वेळी विसावा मिळतो. उलट केले, तर जाणे सुखाचे होते, पण येताना वाऱ्याशी झुंज होते. पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. भिगवणच्या माणसाने त्या दिवसांत शीड लावले, तर ते त्याला धरणाच्या दिशेला, घरापासून लांब नेईल. हे ध्यानात असावे.

आता शीड कसे करावे ते सांगतो. समजा, होडी बारा फूट लांब आणि अडीच-तीन फूट रुंद आहे. पहिले शीड तीन फूट रुंद आणि चार फूट उंच, एवढेच पुरे. खताची जुनी पोती उसवून, धुऊन, दुहेरी शिवून ते होते. हलकी ताडपत्रीही चालते. शिडाच्या वरच्या कडेला आडवी काठी बांधा. उभ्या काठीला डोलकाठी म्हणतात. ती सरळ, न चिरलेल्या बांबूची, सहा-सात फूट घ्या.

डोलकाठी होडीच्या पुढच्या भागात उभी करायची. होडीच्या तळाला भोक पाडू नका. तळावर लाकडाचा ठोकळा पक्का बसवा आणि त्यात काठीपुरती खोबण करा. वर दोन्ही काठांवर आडवी फळी घट्ट बसवा. तिला भोक पाडा. काठी फळीतून घालून ठोकळ्यात बसवली की हलत नाही. उचलली की निघते.

काठीच्या टोकाला लहान कप्पी लावा. तिच्यातून शीड चढवायची दोरी घ्या. ही दोरी फळीपाशी बांधायची, पण निरगाठ नको, सुरगाठ हवी. एक टोक ओढले की गाठ सुटली पाहिजे आणि शीड आपल्या वजनाने खाली आले पाहिजे. शिडाच्या खालच्या दोन कोपऱ्यांना दोन दोऱ्या असतात. त्या मात्र कशालाच बांधायच्या नाहीत. त्या हातात धरायच्या. बैल उधळला तर कासरा गाडीला बांधलेला असून काय उपयोग? तो हातातच हवा. या दोऱ्या म्हणजे शिडाचा कासरा. झोत आला की त्या सोडून द्यायच्या. शीड फडफडते, त्याचा जोर जातो. मग वरची सुरगाठ ओढून शीड खाली घ्यायचे.

शिकताना होडीत दोघे असावेत. मागचा वल्ह्याने दिशा सांभाळील, पुढचा दोऱ्या धरील. दोघांनीही बुडाशी बसावे. उभे राहू नये. जाळी, टोपल्या तळाला ठेवाव्यात. ओझे खाली असले की होडी डुलते, पण सहसा कलंडत नाही. वारा शिडाला वरच्या बाजूला ढकलतो, म्हणून अरुंद होडी लवकर उलटते. मोठ्या शिडाचा मोह धरू नये, तो यासाठी.

वाऱ्याचा एक हिशोब सर्वांनी पाठ करावा. वारा दुप्पट झाला, तर त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. वारा तिप्पट झाला, तर जोर नऊपट होतो. आता जे शीड एका हाताने सांभाळले जाते, तेच पुढच्या घटकेला दोघांना आवरत नाही. पाण्यावर लाटांची डोकी फुटून पांढरा फेस दिसू लागला, की नवशिक्याने शीड उतरवावे. आणखी थोडे जाऊ, असे म्हणू नये.

हे आम्ही एवढे बजावून का सांगतो? २१ मे २०२४ ची गोष्ट आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. त्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून आपल्या कळाशीकडे प्रवासी होडी येत होती. एकाएकी वादळी वारा सुटला आणि होडी उलटली. एकजण पोहून काठाला लागला. सहाजण बुडाले. त्यांत लहान मुले होती. त्या होडीला शीड नव्हते. शीड नसताना वाऱ्याने हे केले, तर शीड बांधलेल्या होडीचे काय होईल, याचा ज्याने त्याने विचार करावा.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचे ढग चढतात. आधी हवा कोंडते, पान हलत नाही. मग काळा ढग दिसतो, गार झुळूक येते आणि क्षणात वारा दिशा बदलून कोसळतो. झुळूक आली तेव्हाच उशीर झालेला असतो. काळा ढग दिसला की काठ गाठावा. विजेचेही भय आहे. उघड्या पाण्यावर डोलकाठी हीच सर्वांत उंच वस्तू असते. पुण्याच्या हवामान संस्थेने 'दामिनी' नावाची मोबाइलवरची सोय केली आहे. ती विजेचा इशारा देते. घरातल्या शिकत्या मुलाकडून ती लावून घ्यावी.

आणखी चार गोष्टी.

एक: लाइफ जॅकेट अंगात घालून पट्टे आवळावेत. होडीत ठेवलेले जॅकेट बुडताना घालता येत नाही. पोहता येते म्हणून ते टाळू नये.

दोन: घट्ट झाकणाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन होडीच्या दोन्ही टोकांना आतून बांधावेत. होडीत पाणी भरले, तरी ते तिला तरंगती ठेवायला मदत करतात. होडी उलटली, तर तिला धरून राहावे. काठ जवळ वाटला तरी सोडू नये.

तीन: उजनीच्या पोटात जुनी गावे आहेत. पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते, हे आपण पाहतो. तशा भिंती आणि झाडांची खोडे पाण्याखाली असतात. वाऱ्याने पळणारी होडी त्यांवर आदळते. म्हणून ओळखीच्या पाण्यातच शीड लावावे. धरण सरकारच्या ताब्यात आहे, तेव्हा आधी तिथल्या कार्यालयात परवानगीचे विचारावे.

चार: बारामतीकडच्या जिरायत गावांत शेततळी पुष्कळ आहेत. कोणी म्हणेल, आधी तिथे शिकू. ते करू नये. शेततळ्याचे प्लास्टिक शेवाळाने निसरडे होते. आत पडलेल्या माणसाला वर चढता येत नाही. कालवाही नको. त्याच्या पाण्याला ओढ असते. धरणाच्या काठालगत, कमरेएवढ्या पाण्यात, सकाळच्या मंद वाऱ्यात शिकावे. आधी शीड उतरवायला शिकावे, मग चढवायला. डोळे मिटून सुरगाठ सुटली, म्हणजे शिकणे पुरे झाले.

वारा कोणाचा नोकर नाही. जोडीदार म्हणून घेतला, तर तो ओझे ओढतो. तो फिरला की आपण दोरी सोडावी. यात कमीपणा नाही. शीड पुन्हा चढवता येते. घरी वाट पाहणाऱ्यांना शीड नको असते, माणूस हवा असतो.